लाइन बंद आहे? कशावरून?

दोस्तांनो, आधी एक सोपा प्रश्न. टेबलावर तांब्याच्या दोन तारा ठेवल्या आहेत. दोन्ही सारख्याच लांब, सारख्याच जाड, सारख्याच चकचकीत. त्यांतली एक विजेला जोडलेली आहे, दुसरी नाही. हात न लावता सांगा पाहू, चालू तार कोणती?

नाही ना सांगता येत? कुणालाच येत नाही. उकळत्या पाण्याची वाफ दिसते, आगीची धग लांबून लागते, साप निदान फुसकारतो तरी. घरातल्या तारेतली वीज मात्र काही म्हणजे काहीच सांगत नाही. तिला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. आणि तिची ताकद किती? ९ वॉटच्या छोट्याशा एलईडी दिव्यातून जेवढा प्रवाह वाहतो, तेवढा छातीतून गेला तरी माणसाचा जीव जाऊ शकतो!

अशा या न दिसणाऱ्या गोष्टीबरोबर रोज काम करणारी हजारो माणसं आपल्या आजूबाजूला आहेत. आपण त्यांना 'वायरमन' किंवा 'लाइनमन' म्हणतो. ही माणसं चालू आणि बंद तार कशी ओळखतात? हे शिकतात कुठे? थोडं पुस्तकात, थोडं वर्गात. बाकीचं सगळं शिकायचं ते खांबाखाली उभं राहून, एखाद्या जाणत्या माणसाच्या शेजारी. या शिकण्याला म्हणतात शिकाऊ उमेदवारी. बोलताना मात्र सगळे 'अ‍ॅप्रेंटिसशिप'च म्हणतात.

चला, आज आपणही मनातल्या मनात वर्षभरासाठी अ‍ॅप्रेंटिस होऊ या. समजा, तुम्ही दहावी झालात, आयटीआयमध्ये दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलात आणि आता वीज वितरण कंपनीत एका वर्षासाठी रुजू झालात.

हाताला वळण लावणारी दोन वर्षं

पण त्याआधी आयटीआयची दोन वर्षं कशी गेली, ते बघू. तुम्हाला वाटलं असेल, पहिल्याच दिवशी मोठाली यंत्रं उघडायला मिळतील. छे! सुरुवातीला हातात येते ती कानस. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडायचा आणि घासत बसायचं. गुण्याला लावून बघायचं, मधून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. हाताला फोड येतात, कंटाळा येतो. पण महिन्याभरात हाताला कळायला लागतं, जोर कुठे द्यायचा आणि कुठे नाही.

मग तारांचे जोड शिकायचे. दोन तारा नुसत्या पिळल्या की झालं, असं आपल्याला वाटतं. पण जोडांनाही नावं असतात बरं का! 'वेस्टर्न युनियन' नावाचा जोड तारायंत्राच्या काळातला. ताण पडला की तो सुटण्याऐवजी आणखी घट्ट बसतो. जोड सैल राहिला तर तिथे तार तापते, आणि घरात लागणाऱ्या कितीतरी आगींची सुरुवात अशाच एखाद्या सैल जोडापासून होते. म्हणून सर तुमचा जोड ओढून पाहतात. सुटला, की पुन्हा पहिल्यापासून!

त्यानंतर जिन्याचं वायरिंग. खालच्या बटणाने दिवा लावायचा आणि वर गेल्यावर वरच्या बटणाने बंद करायचा. वरून लावून खालून बंद केला तरी चालला पाहिजे. कसं जमत असेल? आत्ताच उत्तर बघू नका, विचार करा. शेवटी सांगू.

पहिला दिवस: खांबावर चढायचं नाही!

आता तुम्ही अ‍ॅप्रेंटिस आहात. वय अठरा पूर्ण. डोक्यावर हेल्मेट, पायात रबरी तळाचे बूट, खिशात टेस्टर आणि पक्कड. तुमच्यासारखे आणखी दोघं जण आहेत, त्यांतली एक मुलगी. (हो, आता मुलीही हे काम करतात आणि खांबावर चढतातही.) तुम्हाला ज्यांच्या हाताखाली दिलंय ते जुने तंत्रज्ञ. सगळे त्यांना 'काका' म्हणतात.

तुम्ही उत्साहाने विचारता, "काका, खांबावर कधी चढायचं?"

काका म्हणतात, "चढायला काय, माकडही चढतं. आधी खाली उभं राहायला शिका."

मग तुमच्या हातात एक वही येते. रोज काय काम पाहिलं, काय केलं, कोणतं हत्यार वापरलं, ते त्या वहीत लिहायचं आणि साहेबांची सही घ्यायची. पहिले कित्येक दिवस तुमचं काम म्हणजे दोर सोडणं, हत्यारं मोजून देणं, मोजून परत घेणं आणि बघणं. बघता बघता काका एकदम एखाद्या खांबाकडे बोट करतात.

"ही लाइन किती व्होल्टची?"

गंमत म्हणजे हे खालूनच ओळखता येतं. तार आणि खांब यांच्यामध्ये चिनी मातीच्या किंवा काचेच्या बशा लटकवलेल्या असतात, त्यांना इन्सुलेटर म्हणतात. तारेतली वीज खांबात उतरू नये म्हणून त्या लावतात. व्होल्टेज जितकं जास्त, तितक्या बशा जास्त. ११ हजार व्होल्टला एखादी बशी पुरते. १ लाख ३२ हजारांना नऊ-दहा लागतात, २ लाख २० हजारांना तेरा-चौदा आणि ४ लाखांच्या उंच मनोऱ्यांवर तेवीसच्या आसपास. पुढच्या वेळी एसटीने किंवा रेल्वेने गावाला जाल तेव्हा खिडकीतून मोजून पाहा.

उपकेंद्रातल्या खडीचं कोडं

पुढचा मुक्काम उपकेंद्रात. तारेच्या कुंपणाआड मोठे ट्रान्सफॉर्मर, उंच सांगाडे आणि बाहेर कवटी-हाडांची लाल पाटी. आत शिरलात की पायाखाली सगळीकडे खडी. ती शोभेसाठी नसते हं! एखाद्या वेळी बिघाड होऊन वीज जमिनीत उतरली तर माणसाच्या दोन पावलांमधून प्रवाह वाहू शकतो. कोरड्या खडीतून वीज सहज जात नाही, त्यामुळे तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला संरक्षण मिळतं. शिवाय गवत वाढत नाही.

ट्रान्सफॉर्मरजवळ गेलात की 'हुंऽऽ' असा आवाज येतो. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होतो आणि त्याच्या तालावर आतलं लोखंड सेकंदाला १०० वेळा किंचित थरथरतं, त्याचा हा आवाज. जुनी माणसं या आवाजावरूनही काही बिघडलंय का ते ओळखतात.

ट्रान्सफॉर्मरला एक छोटी काचेची बरणी लटकवलेली दिसेल. आत निळे खडे. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल भरलेलं असतं. ते तापलं की फुगतं, निवलं की आक्रसतं आणि आक्रसताना बाहेरची हवा आत ओढली जाते. जणू काही ट्रान्सफॉर्मर श्वासच घेतो! या हवेतला ओलावा शोषून घ्यायचं काम ते खडे करतात. कोरडे असताना निळे, भिजले की गुलाबी. रोज सकाळी त्यांचा रंग बघून वहीत लिहायचा, हे अ‍ॅप्रेंटिसचं काम. काम साधं, पण कुणी आठवडाभर बघितलंच नाही तर तेलात ओल शिरते आणि लाखो रुपयांचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आणखी एक गंमत. एका खोलीत ओळीने बॅटऱ्या मांडलेल्या असतात. विजेच्या उपकेंद्रात बॅटरी कशाला? तर बिघाड झाला की मोठा स्विच, म्हणजे ब्रेकर, आपोआप उघडायला हवा. नेमकी त्याच वेळी वीज गेलेली असेल तर त्याला उघडायची ताकद कोण देणार? या बॅटऱ्या!

उन्हाळा: पावसाच्या आधीची धावपळ

एप्रिल-मे आला की तुमची तिघांची खरी पायपीट सुरू होते. लाइनच्या खालून चालत जायचं आणि मान वर करून बघायचं. कुठे फांदी तारेच्या जवळ आली आहे, कुठे इन्सुलेटरला तडा गेला आहे, कुठे खांब कलला आहे. सगळं वहीत. मग वीज बंद करून फांद्या तोडायच्या, तडकलेले इन्सुलेटर बदलायचे. आठवड्यातून एखाद्या दिवशी सकाळीच लाइट जातात आणि 'देखभाल दुरुस्तीसाठी वीज बंद' असं कळल्यावर आपण कुरकुरतो, तेव्हा हेच चाललेलं असतं.

एवढ्या दिवसांत काकांचा एक शब्द तुमच्या कानात पक्का बसलेला असतो. तुम्ही काहीही सांगा, ते विचारणारच.

"काका, फ्यूज उडालाय."

"कशावरून?"

"काका, तार चांगली आहे."

"कशावरून?"

सुरुवातीला राग येतो. मग तुम्ही न विचारता मोजून, तपासून, मगच बोलायला लागता. काकांना तेच हवं असतं.

जूनमधली एक दुपार

आता या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची दुपार. मृगाचा पहिला जोरदार पाऊस. वारं असं की छत्र्या उलट्या झाल्या. उपकेंद्रात ब्रेकर धाडकन उघडला आणि चार गावांची वीज गेली. फोन वाजायला लागले. कुणाची पिठाची गिरणी अडली, कुणाची पाण्याची मोटर, आणि आरोग्य केंद्रातल्या फ्रिजमध्ये लसी ठेवलेल्या. सगळ्यांना घाई!

तुम्ही काकांबरोबर लाइन बघत निघता. एका वस्तीकडे जाणाऱ्या फाट्यावर सापडलं. कडुनिंबाची फांदी मोडून तारांवर आडवी पडली आहे. खाली गावकरी जमलेले. कुणीतरी म्हणतं, "अहो, लाइट तर गेलेलीच आहे. नुसती फांदी ओढायची, दहा मिनिटांचं काम!"

आणि इथेच काका थांबतात. "लाइट गेली आहे, म्हणजे लाइन बंद आहे. कशावरून?"

बंद झालेला ब्रेकर कुणीतरी पुन्हा चालू करू शकतो. म्हणून काम ठरलेल्या क्रमाने होतं, कितीही घाई असली तरी. नीट वाचा हं.

पहिलं काम उपकेंद्रात. ब्रेकर बंद करायचा. पण त्याचे संपर्क आत, डब्यात बंद असतात. ते खरंच सुटले का, हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून पुढे आयसोलेटर नावाचा स्विच उघडायचा. तो उघडला की हवेतली फट स्पष्ट दिसते.

दुसरं, त्याला कुलूप लावायचं आणि पाटी अडकवायची की माणसं लाइनवर आहेत, चालू करू नका.

तिसरं, परमिट. उपकेंद्रातला ऑपरेटर लेखी परवाना देतो. ज्याने परमिट घेतलं, त्यानेच ते परत करायचं. तोपर्यंत साहेबाने सांगितलं तरी लाइन चालू होत नाही. 'पाच वाजता चालू कर, तोवर आमचं होईल' असा घड्याळाचा सौदा तर कधीच करायचा नाही. घड्याळाला काय माहीत, माणूस खाली उतरला की नाही ते!

चौथं, जागेवर तपासणी. लांब, वीज न वाहणाऱ्या काठीच्या टोकाला व्होल्टेज दाखवणारं यंत्र लावून ते तारेजवळ न्यायचं. तार चालू असेल तर ते पिकपिक वाजतं. पण यंत्रच बिघडलं असेल तर? म्हणून ते आधी चालू असलेल्या ठिकाणी वाजवून बघायचं, तारेवर तपासायचं आणि नंतर पुन्हा चालू ठिकाणी वाजवून बघायचं. म्हणजे यंत्रालासुद्धा 'कशावरून?' विचारायचं!

काका काठी वर करतात. ब्रेकर बंद, आयसोलेटर उघडा, परमिट हातात. आणि यंत्र वाजायला लागतं. पिक, पिक, पिक!

तुम्हाला घाम फुटतो. वीज बंद आहे, मग तारेत आली कुठून?

काका शांतपणे वस्तीच्या टोकाला बोट दाखवतात. तिथे चार घरं, एक मंगल कार्यालय आणि एकच डीपी, म्हणजे खांबावरचा छोटा ट्रान्सफॉर्मर. कार्यालयात लग्न आहे. लाइट गेल्यावर त्यांनी जनरेटर लावला. तो लावताना बाहेरची लाइन तोडणारा बदली स्विच, म्हणजे चेंजओव्हर, हवा होता. तो बसवलेलाच नाही. त्यामुळे जनरेटरची वीज उलट्या रस्त्याने बाहेर पडली आणि डीपीमध्ये शिरली. डीपी ११ हजार व्होल्टचे घरगुती २३० करतो ना? उलट बाजूने वीज आली तर तोच २३० चे पुन्हा ११ हजार करतो! म्हणजे 'लाइट गेलेली आहे' म्हणून कुणी फांदीला हात लावला असता, तर?

तर काय, ते सांगायला नकोच.

जनरेटर बंद करवला जातो, डीपीचे फ्यूज काढून ठेवले जातात. काठी पुन्हा वर. आता यंत्र गप्प. तरीही काम सुरू होत नाही! पाचवी पायरी राहिली आहे. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा जाड वायरने जमिनीला जोडायच्या. याला अर्थिंग म्हणतात. कुठूनही चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाते आणि मधला माणूस वाचतो. शेजारून दुसरी चालू लाइन जात असेल तर तिच्यामुळेही बंद तारेत वीज उतरू शकते, तिच्यासाठीही हाच उपाय.

अर्थिंग करताना वायरचं एक टोक आधी जमिनीला जोडायचं, मग दुसरं तारेला. काढताना बरोबर उलट, आधी तारेचं काढायचं. का? कारण जमिनीचं टोक सुटलेलं असताना तार चालू निघाली, तर वायर हातात असलेला माणूसच जमिनीकडे जायचा रस्ता बनेल.

एवढं झाल्यावर काका कमरेला पट्टा बांधून वर जातात, फांदी निघते, एक इन्सुलेटर बदलतो. खाली आल्यावर माणसं मोजतात, हत्यारं मोजतात, अर्थिंग काढतात, परमिट परत जातं, आणि मग वीज येते. 'दहा मिनिटांचं काम' दोन तासांनी संपतं. वस्तीत पोरं ओरडतात, "आले लाइट!"

त्या रात्री वहीत तुम्ही काय लिहाल? वीज बंद आहे, हे मानायचं नसतं. ते सिद्ध करायचं असतं. या धंद्यात धाडसाला फारशी किंमत नाही, सवयीला आहे. आणि ही सवय पुस्तक वाचून लागत नाही. ती शंभर वेळा हाताने केली, म्हणजेच लागते.

वीज येते कुठून?

पावसाळा ओसरला की एखाद्या वेळी वीज जिथे तयार होते ती जागा बघायला मिळते. महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांच्या कंपनीने १९१५ साली वीज तयार केली आणि मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. २००५ साली त्याचे भाग झाले. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या लाइनींवरून ती वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर पोचवणारी महावितरण.

कोयनेची वीजकेंद्रं तर आपली शानच. सह्याद्रीच्या पोटात खोदलेल्या बोगद्यांतून धरणाचं पाणी पश्चिमेला कोकणच्या बाजूला खाली सोडतात, त्याच्या जोरावर चाकं फिरतात आणि पाणी पुढे वाशिष्ठी नदीला मिळतं. सगळे टप्पे मिळून क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट.

वीजकेंद्रातून वीज निघते तेव्हा तिचं व्होल्टेज एकदम वाढवून २ लाख २०, ४ लाख असं करतात. कशाला? व्होल्टेज दहापट केलं तर तेवढीच वीज पोचवायला प्रवाह दहावा हिस्सा पुरतो, आणि तारा तापून वाया जाणारी वीज शंभराव्या हिश्श्यावर येते. गावाजवळ आली की टप्प्याटप्प्याने व्होल्टेज उतरवायचं. तुम्ही ज्या उपकेंद्रात निळे खडे बघितले, ते या उतरणीवरचं एक ठिकाण.

आणि एवढ्या मोठ्या कारभारावर लक्ष कुणाचं? नवी मुंबईत ऐरोलीला राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे. तिथे रात्रंदिवस एका आकड्यावर नजर असते, ५०! विजेची वारंवारता. मोठ्या प्रमाणावर वीज साठवून ठेवणं अवघड असतं, म्हणून जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की ५० चा आकडा खाली घसरतो. तो ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये ठेवायचा असतो. २०१२ साली ३० आणि ३१ जुलैला उत्तर भारताचं ग्रिड कोलमडलं. दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला, साठ कोटींहून जास्त लोकांच्या भागातली वीज गेली. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७ लाख ६५ हजार व्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिण भारतही बाकीच्या देशाशी एका तालात आला. तेव्हापासून आपल्या घरातला पंखा आणि चेन्नईतला पंखा एकाच ठेक्यावर फिरतो, असं म्हणायला हरकत नाही!

बाइंडरच्या दुकानातला उमेदवार

अ‍ॅप्रेंटिस म्हटलं की विजेच्या जगात एक नाव घ्यावंच लागतं, मायकेल फॅरडे. लंडनमधल्या एका लोहाराचा हा मुलगा. शाळा जेमतेम. १८०५ साली, चौदाव्या वर्षी, तो पुस्तकं बांधणाऱ्या एका बाइंडरकडे सात वर्षांसाठी उमेदवार म्हणून लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो नुसती बांधत नसे, वाचतही असे. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने वाचला आणि पैसे साठवून स्वतःच छोटी उपकरणं बनवून प्रयोग केले. कुणीतरी लिहिलंय म्हणून ते खरं, हे त्याला पटायचं नाही. आपल्या हाताने करून बघायचं! पुढे १८३१ साली त्याने दाखवून दिलं, की तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक हलवला तर वीज निर्माण होते. खोपोली आणि कोयनेची चाकं आजही त्याच नियमावर वीज देतात. काकांचा तो 'कशावरून?' फॅरडेलाही आवडला असता, नाही?

आई-बाबांसाठी थोडं

शिकाऊ उमेदवारीसाठी आपल्या देशात १९६१ चा कायदा आहे. आयटीआय झालेल्यांना, तसंच इंजिनिअरिंगची पदविका किंवा पदवी घेतलेल्यांनाही ही संधी मिळते. उमेदवार आणि कंपनी यांच्यात करार होतो. उमेदवार अज्ञान असेल तर करारावर पालकांची सही लागते, मात्र धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडसाठी वय अठरा पूर्ण असावं लागतं. दरमहा विद्यावेतन मिळतं आणि ते किमान किती असावं हे सरकार ठरवतं. शिकताना इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे. शेवटी परीक्षा होते आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट समजून घ्यावी. उमेदवारी संपली की त्याच कंपनीत नोकरी मिळेलच, अशी हमी कायदा देत नाही. त्यासाठी भरतीच्या वेळी वेगळा अर्ज करावा लागतो. पण हाताला आलेलं काम कुणी काढून घेत नाही. 'अभ्यासात हुशार नाही म्हणून आयटीआय' असं मुलांसमोर म्हणण्याआधी त्या जूनमधल्या दुपारी चौथ्या पायरीवर काय झालं, ते एकदा पुन्हा वाचावं. डोकं शांत ठेवून, पुरावा मागून, क्रम न चुकवता काम करणं ही हुशारी नाही तर काय?

आणि आता तुमच्यासाठी

अ‍ॅप्रेंटिस व्हायला अजून अवकाश आहे. पण काकांचा धडा आजपासून गिरवता येईल.

तार तुटून पडलेली दिसली तर ती बंदच आहे असं कधीही समजू नका. जवळ जाऊ नका, इतरांना जाऊ देऊ नका आणि मोठ्यांना सांगून १९१२ वर फोन करायला लावा. तुम्ही आधीच जवळ असाल तर लांब ढांगा टाकू नका. पावलं जमिनीवरून न उचलता, एकमेकांना चिकटवून, घसटत घसटत लांब व्हा.

घरात कुणाला शॉक बसला तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद करायचा आणि लगेच मोठ्यांना हाक मारायची. बाहेरच्या मोठ्या लाइनचा शॉक असेल तर काठीनेसुद्धा सोडवायला जायचं नाही. ११ हजार व्होल्टपुढे काठीचा भरवसा नाही.

संक्रांतीला पतंग तारेत अडकला तर तो गेला असं समजा. दहा रुपयांचा पतंग तो!

घरात जनरेटर असेल तर बाबांना विचारा, "चेंजओव्हर स्विच बसवलाय?" ते "हो" म्हणाले, तर पुढचा प्रश्न कोणता, ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि हे वाचून झाल्यावर लगेच एक काम करा. तुमच्या घराचा मेन स्विच नेमका कुठे आहे, ते पाहून ठेवा. तुमचा हात तिथे पोचतो का, तेही बघा.

*जिन्याच्या कोड्याचं उत्तर:* दोन्ही बटणं साधी नसतात, 'टू-वे' असतात. प्रत्येक बटण प्रवाहाला दोनपैकी एका तारेवर वळवतं. खालचं आणि वरचं बटण एकाच तारेवर असलं की दिवा लागतो, वेगवेगळ्या तारांवर असलं की विझतो. म्हणून कोणतंही एक बटण दाबलं की दिव्याची स्थिती बदलते. कागदावर दोन तारा काढा आणि बोटाने रस्ता शोधून बघा. आम्ही सांगितलं म्हणून लगेच खरं मानू नका!